घंटागाडीच्या आधी उकिरडा

ग्रामपंचायतीनं केलेली कामं दाखवायची वेळ आली की आजकाल दोन फोटो हमखास पुढे येतात: सिमेंटचा रस्ता आणि घंटागाडी. गाडीला हार घातलेला असतो, समोर सरपंच, उपसरपंच, सदस्य उभे असतात आणि गावाचा कचऱ्याचा प्रश्न त्या दिवसापुरता सुटलेला असतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर-दौंड पट्ट्यातल्या कुठल्याही गावात हे चित्र दिसतं आणि त्यामागचा हेतू बहुतेक ठिकाणी चांगलाच असतो. तरीही घोड नदीच्या खोऱ्यातलं निमोणे किंवा त्याच्यासारखं एखादं शेतीवर जगणारं गाव डोळ्यांपुढे ठेवून मला स्पष्ट सांगायचं आहे: अशा गावात घंटागाडी ही पहिली पायरी असता कामा नये. घराघरातला ओला कचरा जागच्या जागी जिरवायची सोय होण्याआधी गाडी आली, तर गावाचा कचरा कमी होत नाही, वाढतो. आजवर ज्या घरातून कचरा बाहेर पडत नव्हता, त्या घरालाही तो बाहेर टाकायची सवय ती गाडी लावते.

घंटागाडी जन्मली शहरात. तिथे माणसं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात, दारात माती नाही, गोठा नाही, शेत नाही. भाजीचं देठ आणि उरलेली भाकरी टाकायला शहरातल्या माणसाकडे बादलीखेरीज दुसरी जागाच नसते. निमोण्यासारख्या गावाची परिस्थिती याच्या नेमकी उलटी आहे. गावठाणात थोडी घरं, बाकीची वस्ती मळ्यामळ्यांत विखुरलेली. एका वस्तीवरून दुसरीवर जायचं तर पाणंदीनं फेरा घालावा लागतो आणि पावसाळ्यात त्यातल्या कित्येक पाणंदी चारचाकीला बंदच असतात. गाडी मग गावठाणातल्या दोन-चार गल्ल्या फिरते आणि जिथे ती पोचत नाही तिथली माणसं आपापल्या पद्धतीनं वाट काढतात. ही वाट बहुतेक वेळा काडेपेटीची असते.

ग्रामीण घरातल्या कचऱ्यात असतं तरी काय, हे जरा नीट पाहू. अंगण झाडल्यावर निघालेली माती, चुलीची राख, पालापाचोळा, भाजीची देठं, कांद्याची पात आणि टरफलं, ऊस सोलल्यावरची चिपाडं, गोठ्यातला उरलासुरला चारा. वजनानं बघितलं तर यातलं जवळजवळ सगळं मातीतून आलेलं आणि मातीत जाऊ शकणारं. उरतो तो प्लास्टिकचा, काचेचा, पत्र्याचा आणि कापडाचा भाग. वजनानं थोडा, आकारानं मोठा आणि चिवट. आजीच्या पिढीत हा दुसरा भाग जवळपास नव्हताच. तेल बाटलीत आणायचं, किराणा कागदाच्या पुडीत, दूध चरवीत. फाटक्या लुगड्याची गोधडी व्हायची, जुन्या कपड्यांवर बोहारीण नवं भांडं द्यायची. उरलेलं सगळं उकिरड्यावर जायचं आणि पेरणीच्या आधी गाडीत भरून शेतात. या व्यवस्थेत कचरा गोळा करणारी कोणतीही यंत्रणा नव्हती, कारण गोळा करण्याजोगं काही उरतच नव्हतं.

पुढे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. एकीकडून पाऊच, पुड्या आणि पिशव्या गावातल्या टपरीपर्यंत पोचल्या. दुसरीकडून ट्रॅक्टर आला, बैल गेले, खताची गोणी आली आणि उकिरडा हा मागासपणाचा पुरावा ठरला. गावठाणातल्या घरांनी उकिरड्याच्या जागेवर खोल्या काढल्या. मातीचं आणि प्लास्टिकचं एकत्र झालं, आणि एकदा ते एकत्र झालं की दोन्ही निकामी होतात. देठाला चिकटलेली पिशवी भंगारवाला घेत नाही आणि पिशवीत अडकलेलं देठ शेतात टाकता येत नाही. कचऱ्याच्या प्रश्नाचं सगळं मूळ या एका क्षणात आहे, बादलीत दोन गोष्टी एकत्र पडण्याच्या. नंतर कितीही महागडी यंत्रं लावा, तो क्षण मागे फिरवता येत नाही.

गावातल्या व्यवहारात एक विचित्र विसंगती यातूनच आली आहे. डाळिंबाला, उसाला, कांद्याला शेणखत हवं म्हणून शेतकरी हजारो रुपये मोजून ट्रॉली विकत आणतो. जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटला अशी तक्रार प्रत्येक माती परीक्षणाच्या कागदावर दिसते. आणि त्याच शेतकऱ्याच्या घरातलं, गोठ्यातलं, बांधावरचं कुजू शकणारं द्रव्य एक तर पेटवून दिलं जातं, नाही तर ओढ्याच्या काठी टाकलं जातं. ऊस तुटला की पाचट जाळायची, हे तर वर्षानुवर्षं चाललंय. शिरूर-दौंडचा पट्टा दुधाचा आहे, संकरित गाईंचे गोठे इथे घरोघर आहेत. बैल गेले तरी शेण गेलेलं नाही. म्हणजे खत करायला जे जे लागतं ते सगळं आजही आवारात हजर आहे.

मात्र जुना उकिरडा जसा होता तसा परत आणा, असं मी म्हणणार नाही. उघड्या उकिरड्यावर माशा होत्या, डास होते, पावसात त्याचं पाणी विहिरीत आणि ओढ्यात उतरत होतं. उन्हानं त्यातला नत्र उडून जायचा आणि शेतात जायचा तो निम्मा कस गेलेला गाळ. तो उपसायचं काम घरातल्या बायकांचं आणि गावातलं सगळ्यात घाण काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींचं. हे सगळं सोडून द्यायलाच हवं होतं. पण दोष होता उघडेपणात आणि श्रमाच्या वाटणीत. घरातलं कुजणारं घरच्या मातीला परत द्यायचं, हे तत्त्व निर्दोषच होतं. आपण दोष ठेवले आणि तत्त्व फेकून दिलं: घाण काम आजही त्याच लोकांच्या वाट्याला आहे, फक्त आता ते गाडीमागे उभे असतात.

उकिरड्याची सुधारलेली आवृत्ती शोधायला दूर जायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, यांनी विटांच्या टाक्याची एक पद्धत बसवली आणि ती त्यांच्याच नावानं देशभर गेली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं. भिंतीत विटा सोडून ठेवलेली भोकं, म्हणजे आत हवा खेळते. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असं रचत जायचं आणि वरून लिंपून टाकायचं. तीन ते चार महिन्यांत खत तयार. या पद्धतीचं मर्म असं की थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवता येतो. एका कुटुंबाला हे टाकं मोठं पडेल, पण मळ्यातल्या भावकीच्या चार-पाच घरांना मिळून ते अगदी बेताचं आहे. गावठाणातल्या एकट्या घराला तीन फुटांचे दोन खड्डे पुरतात. एक भरायचा, तोवर दुसरा कुजतो.

लोकांच्या मनातली खरी भीती वासाची असते, आणि त्या भीतीला उत्तर द्यायला हवं. वास येतो तो हवा न मिळाल्यामुळे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र जास्त असतो; त्याच्या जोडीला कोरडं, कर्बानं भरलेलं काही नसेल तर तो लगदा होऊन सडतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो. म्हणून ओल्याची एक पाटी टाकली की वर पालापाचोळा, पाचट किंवा भुसा टाकायचा, मूठभर माती पसरायची. एवढं केलं तर ढीग आतून तापतो, पन्नास अंशांच्या वर जातो, माशांच्या अळ्या त्यात जगत नाहीत आणि वास येत नाही. शहरातल्या गृहसंकुलांना हा कोरडा भुसा विकत आणावा लागतो. निमोण्यात आपण तो पेटवून देतो.

आता पैशांचा हिशेब. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१ पासून, पाच हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधी ठरला. हिशेबापुरतं चार हजार लोकवस्तीचं, आठशे घरांचं गाव धरू. त्याच्या वाट्याला २ लाख ४० हजार रुपये येतात, तेही एकदाच. एवढ्यात नवी चारचाकी घंटागाडीसुद्धा येत नाही. आणि गाडी कशीबशी दुसऱ्या निधीतून आणली तरी डिझेल, चालक, मदतनीस, टायर, दुरुस्ती हा खर्च दर महिन्याला उभा राहतो. वीजबिल थकलेल्या, घरपट्टी निम्मी वसूल होणाऱ्या ग्रामपंचायतीला तो झेपत नाही. गाडी हळूहळू आठवड्यातून तीनदा येते, मग एकदा, मग ग्रामपंचायतीच्या आवारात उभी राहते. त्याच २ लाख ४० हजारांत गावठाणातल्या आळीआळींत सामाईक टाकी बांधता येतात आणि कोरडा कचरा ठेवायला एक पत्र्याची शेड उभी राहते. बांधून झाल्यावर त्यांना डिझेल लागत नाही.

आणखी एक साधी गोष्ट या हिशेबात सहसा कुणी धरत नाही. गाडी रोज यावी लागते ती ओल्या कचऱ्यामुळे, कारण तो सडतो. प्रत्येक घरातून दिवसाला किलोभर ओलं निघतं असं मानलं तर आठशे घरांचे वर्षाला जवळजवळ २९० टन होतात. हे २९० टन वाहून न्यायचे, कुठे तरी उतरवायचे, त्याची दुर्गंधी सोसायची आणि त्यातलं बरंचसं असतं निव्वळ पाणी. ओलं घरीच थांबलं तर उरलेलं कोरडं सडत नाही, त्याला घाई नाही. एका घरातलं कोरडं महिनाभरात एका गोणीत मावतं. महिन्यातून एकदा कुणी येऊन ती गोणी नेली की पुरे. रोजच्या फेरीची जागा महिन्याच्या फेरीनं घेतली, तर तोच प्रश्न ग्रामपंचायतीच्या आवाक्यात येतो.

कचरा लांब नेला म्हणजे संपला, या समजुतीची किंमत याच जिल्ह्यातल्या दोन गावांनी मोजली आहे. पुणे शहराचा कचरा १९९१ पासून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत येऊन पडू लागला. शहर वाढलं तशी डेपोची जमीन वाढली, डोंगर वाढले, विहिरींचं पाणी बिघडलं. गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या, किती आश्वासनं घेतली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांनी गाड्या रोखल्या तेव्हा तीन आठवडे पुण्यात कचरा तुंबला. तेव्हा कुठे शहराला आपल्या बादलीची दखल घ्यावी लागली. निमोण्याला यातून शिकायचं ते हे की प्रत्येक गाडीच्या शेवटी कुणाची तरी फुरसुंगी असते. गावात ती लहान असते, म्हणून दिसत नाही. गायरानाचा कोपरा, बंद पडलेली खाण, ओढ्याचा काठ, आणि त्याच्या शेजारी ज्यांचा आवाज ग्रामसभेत पोचत नाही अशा कुणाची तरी घरं. गावठाण स्वच्छ दिसतं ते त्या घरांच्या जिवावर.

उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली आणि साध्या जाळण्याला पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. आमच्या भागात हा दंड कुणी भरल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि शेजाऱ्याला दंड लावायला सरपंच धजावणार नाही हे मला समजतं. पण संध्याकाळी प्रत्येक वस्तीवर उठणारा तो धूर निरुपद्रवी नाही. पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक मंद आगीत जळतं तेव्हा डायॉक्सिन तयार होतात; ती राखेत बसतात, चाऱ्यावर उतरतात, दुधात येतात. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात ओली लाकडं पेटत नाहीत म्हणून चुलीत कॅरीबॅग टाकतात. त्या धुराला सगळ्यात जवळ असते ती भाकरी थापणारी बाई आणि तिच्या मांडीशी बसलेलं पोर. कचऱ्याच्या व्यवस्थेतून आपण दुसरं काही मिळवलं नाही आणि फक्त हे थांबवलं, तरी सगळा खटाटोप सार्थकी लागला असं मी समजेन.

माझ्या म्हणण्याला एक मोठा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. पुणे-नगर रस्त्यावरची शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा ही गावं नावापुरती गावं उरली आहेत. रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि रस्त्याकाठचे कारखाने यांच्यामुळे तिथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दहा बाय दहाच्या खोलीत चार कामगार राहतात, त्यांच्या दारात खड्डा खणा म्हणणं निरर्थक आहे. तिथे रोजची गाडी लागणारच, आणि खोल्या भाड्यानं देऊन कमावणाऱ्या मालकांकडून तिचा खर्च वसूल व्हायला हवा. शिक्रापूर आणि निमोणे एकाच तालुक्यात असली तरी त्यांना एकच उपाय लागू करणं चूक आहे. योजना मात्र तसंच करते. लोकसंख्या गुणिले रुपये असा आकडा काढते आणि वस्तीचा घाट कसा आहे, हे विचारतच नाही.

शिवाय गाडी लागते तिथेही तिचं यश वेगळं करण्यावरच अवलंबून असतं. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं उदाहरण महाराष्ट्रभर गाजलं. बारा हजारांच्या आसपास वस्तीचं हे नगर. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरातून वेगवेगळा केलेला कचरा घेऊन त्याचे वीसहून अधिक प्रकार पाडले गेले. ओल्यापासून गॅस आणि खत, पालापाचोळ्याच्या कांड्या, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. एकेकाळचं कचऱ्याचं मैदान लोक बघायला जाऊ लागले. या यशाचं श्रेय यंत्रांना दिलं जातं. मला ते घरातल्या वेगवेगळ्या डब्यांना द्यावंसं वाटतं. तेच यंत्र मिश्र कचऱ्याच्या गावात नेऊन ठेवा, महिनाभरात गंजेल.

निमोण्याला जवळचं उदाहरण मात्र केरळचं आहे, अंतरानं लांब असलं तरी. तिथे दाट वस्ती, जमीन थोडी, कचऱ्याच्या मैदानांना गावोगाव विरोध. आलप्पुळा शहराचा कचरा सर्वोदयपुरमला जाऊन पडत होता. तिथल्या लोकांनी तो अडवला आणि २०१२ नंतर शहराला आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवणं भाग पडलं. पुढे राज्यभर जी पद्धत बसली ती अशी: ओलं घरानं घरीच जिरवायचं, आणि कोरडं, स्वच्छ आणि वाळलेलं, महिन्यातून एकदा हरित कर्म सेनेच्या बायका दारात येऊन नेणार. त्यासाठी ग्रामपंचायत हद्दीत घरामागे महिन्याला ५० रुपये. या बायका कुटुंबश्रीच्या, म्हणजे आपल्याकडच्या बचत गटांच्याच बहिणी. सुरुवातीला लोकांनी पैसे द्यायला कुरकुर केली, दारं लावून घेतली. तरी त्या फिरत राहिल्या आणि पद्धत रुळली.

आपल्याकडे सरकारच्या ‘उमेद’ अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत. पापड-लोणच्याच्या पलीकडे त्यांना काम नाही, ही त्यांची रास्त तक्रार आहे. आठशे घरांनी ५० रुपये दिले तर महिन्याला ४० हजार होतात; निम्म्यांनीच दिले तरी २० हजार. महिन्यातले ठरावीक दिवस फिरून, राहिलेले दिवस शेडमध्ये निवडून, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या विकून चार-पाच बायकांना बऱ्यापैकी रोजगार मिळू शकतो. पैसे देणार कोण, असं कुणी विचारेल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीच्या औरंगाबादजवळच्या) पाटोद्याचं उत्तर त्याला आहे. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे पूर्ण कर भरणाऱ्या घराला वर्षभर दळण फुकट मिळू लागलं आणि घरपट्टी आपोआप जमा होऊ लागली. पैशाच्या बदल्यात काही तरी दारात येतं, हे दिसलं की खेड्यातला माणूस पैसे देतो.

पण इथे सावध राहायला हवं. हे काम बचत गटाकडे सोपवताना ते गावातल्या एकाच वाड्यातल्या बायकांच्या गळ्यात पडतंय का, हे पाहायलाच हवं. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तिचा आग्रह हाच होता की कचरा वेचणारी बाई कामगार आहे. तिला ओळखपत्र हवं, वजनकाट्यावर न्याय हवा. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार करून त्या बायका दारोदार जाऊ लागल्या. सन्मान आणि मोबदला हे त्या पद्धतीचे पाय आहेत. गावानं पद्धत घेतली आणि पाय कापले, तर तीच जुनी बलुतेदारी नव्या गणवेशात उभी राहील. हातमोजे, बूट, विमा, ठरलेल्या तारखेला पैसे, आणि घाण मिसळलेली गोणी नाकारण्याचा अधिकार. हा शेवटचा अधिकार सगळ्यात मोलाचा, कारण तो घराला शिस्त लावतो.

कोरड्या कचऱ्यातलं चांगलं ते भंगारवाला आधीच नेतो. कुठल्याही सरकारी योजनेच्या आधीपासून गावाचं पुनर्वापराचं काम त्या माणसाच्या फटफटीवर चालू आहे आणि ग्रामपंचायतीनं त्याला सोबत घ्यावं. प्रश्न आहे तो त्याला नको असलेल्या गोष्टींचा. वेफरची चकचकीत पुडी, शाम्पूचं पाऊच, गुटख्याची पुडी: प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले, वितळवून नवं काही होत नाही. या पुड्या बनवणाऱ्या कंपन्यांचा माल निमोण्याच्या टपरीपर्यंत न चुकता पोचतो. मग रिकामी पुडी परत नेण्याची जबाबदारीही त्यांचीच, आणि केंद्राच्या नियमांनी ती उत्पादकांवर टाकलेलीही आहे. पण कंपन्या ही जबाबदारी जिथे स्वस्तात भागेल तिथे भागवतात आणि ती जागा शहरात असते. गावानं पुड्या स्वच्छ साठवून ठेवल्या, तालुक्यातल्या दहा-वीस गावांच्या एकत्र झाल्या, तर त्याला वजन येतं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचऱ्याच्या केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद ठरली. निमोण्याची गोणी या केंद्रापर्यंत नेण्याचं काम पंचायत समितीचं आहे आणि ते तिच्याकडे मागितलं पाहिजे.

काही गोष्टींना गावाकडे समाधानकारक उत्तर नाही, हेही मान्य करायला हवं. डायपर आणि सॅनिटरी पॅड आता वस्तीवस्तीवर आहेत. लाजेपोटी ते रात्री ओढ्यात किंवा बांधावर टाकले जातात, कुत्री ओढत आणतात. शाळेतल्या छोट्या भट्ट्या नीट तापत नाहीत आणि नुसता धूर करतात. तूर्त कागदात गुंडाळून वेगळं देणं आणि गावानं वस्तीपासून, विहिरीपासून लांब, खोल बंदिस्त खड्ड्यात ते पुरणं, एवढंच हाती आहे. कापडी पॅडची सवय वाढली तर ओझं हलकं होईल. कीटकनाशकांच्या बाटल्या तीनदा धुऊन, ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतून, बाटलीला भोक पाडून वेगळ्या ठेवायच्या. त्या घरच्या कचऱ्यात येताच कामा नयेत. आणि डाळिंब-टरबुजाच्या शेतातला मल्चिंग पेपर! तो इतका पातळ असतो की काढताना फाटतो आणि तुकडे जमिनीतच राहतात. ज्या दुकानदारानं तो विकला त्यानंच जुना परत घ्यावा, असा ठराव एखाद्या गावानं करून पाहावा.

मुळात कचरा कमी कसा करायचा याबद्दल गावाला शिकवायची गरज कमी आणि आठवण द्यायची गरज जास्त आहे. पूर्वी लग्नकार्याला गावाची किंवा देवस्थानची भांडी मिळायची. ताट, वाट्या, पातेली, पराती मोजून न्यायच्या, घासून मोजून परत करायच्या. पत्रावळ पळसाच्या पानाची असायची. आज हरिनाम सप्ताहाच्या काल्याला, यात्रेला, दशक्रियेला, वाढदिवसाला हजार-पाचशे माणसं जेवून उठतात आणि मागे चकचकीत प्लेटांचा, प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी पेल्यांचा, पाण्याच्या बाटल्यांचा ढीग उरतो. थर्माकोलची ताटं राज्यात २०१८ पासून बंद आहेत. त्यांची जागा दुसऱ्या एकदाच वापरायच्या ताटांनी घेतली इतकंच. ग्रामपंचायतीनं किंवा बचत गटानं स्टीलची पाचशे ताटं आणि पेले घेऊन भाड्यानं द्यायला सुरुवात केली, तर एका लग्नसराईत जेवढा कचरा टळेल तेवढा गोळा करायला गाडीला महिने लागतील. ज्या सप्ताहात महाराज गाडगेबाबांचं नाव घेतात, त्या सप्ताहाची पंगत तरी स्टीलच्या ताटात व्हावी, एवढा आग्रह वारकरी मंडळींनी धरला तर गावात त्याला नाही म्हणणारा कुणी सापडणार नाही.

गाडगेबाबांच्या नावानं राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं ते २००० साली, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना. त्या अभियानानं गावं हलवली, लोक खराटा घेऊन रस्त्यावर आले, हे त्याचं मोठं देणं. पण त्यानं एक सवयही लावली. तपासणी समिती येणार म्हणून गाव झाडायचं, समिती गेली की सोडून द्यायचं. त्यापेक्षा याच जिल्ह्यातल्या देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांचा मार्ग मला अधिक खरा वाटतो. आरोग्यकेंद्रातला हा डॉक्टर कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांकडून मैल्याच्या खताचं आणि गॅसचं शास्त्र शिकून आला. सुरुवातीचे संडास पावसात कोसळले, तेव्हा चूक कुठे झाली ते शोधून त्यांनी पुन्हा बांधले. एका गावात आयुष्य घालवून घरोघर संडास आणि त्यावर चालणारा गॅस त्यांनी उभा केला. २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री आली तेव्हा पुष्कळांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं. घराघरात शिरून, एकेका चुलीपाशी बसून होणारं हे काम आहे. त्याला वर्षं लागतात आणि त्याचा फोटो निघत नाही.

घरातली वेगळं करण्याची कटकट मात्र पुन्हा बाईवरच टाकायची, तर ते चालणार नाही. तिच्या दिवसात आणखी एक काम कोंबून कुठलीही योजना टिकत नाही. खड्ड्यावर पाचट टाकणं, महिन्याची गोणी बांधून ठेवणं, खत उपसणं ही पुरुषांची कामं ठरवा. आणि सामाईक टाक्यांमधलं खत कुणाला मिळणार, हेही आधीच ठरवा. ज्यांना शेत नाही त्यांच्याही घरातलं ओलं त्यात पडतं. म्हणून खत विकून येणाऱ्या पैशात त्यांचा वाटा असला पाहिजे. नाही तर भूमिहीनाच्या कचऱ्यावर बागायतदाराचं डाळिंब पोसायचं, असं होईल.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. येत्या ग्रामसभेला निमोण्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, जरूर जावं. तिथे गाडी किती फेऱ्या मारते, हे विचारू नका. गाडी कुठे रिकामी होते ती जागा सगळ्या सभेला घेऊन जाऊन दाखवा, अशी मागणी करा. गावातल्या किती घरांचा ओला कचरा उंबऱ्याबाहेर येतच नाही, हा आकडा प्रत्येक सभेत वाचून दाखवायचा ठराव मांडा. आणि पुढच्या आराखड्यातला कचऱ्याचा पैसा आधी खड्ड्यांवर, टाक्यांवर आणि भांड्यांवर खर्च झाल्याशिवाय दुसरी गाडी घेऊ देऊ नका.